नळी काढण्याआधी सांगायच्या गोष्टी

मंगळवार, ४ मार्च

टिल्ल्या,

पंचेचाळिशीच्या माणसाला टिल्ल्या म्हणू नये हे मला कळतं. पण तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, तेव्हा हाक कशी मारायची हे माझं मीच ठरवणार. पत्ता तुझ्या बायकोनं दिला. तिला बोलू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते.

बाबा हॉस्पिटलात आहेत, आमच्याच वॉर्डात. रविवारी सकाळपासून त्यांना लघवीच झाली नाही, आणि दुपारपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. बाबांचं शरीर म्हणजे खाजगी वाहन, बाहेरच्या मेकॅनिकनं हात लावायचा नाही. शेवटी मला ड्यूटीवर फोन केला तो असा, "जरा येऊन जा, घाई नाही." मी पोचले तेव्हा भिंतीला धरून उभे होते आणि शर्ट घामानं भिजला होता. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे. नळी घातली तेव्हा जवळजवळ लिटरभर निघालं.

आता गोळ्या चालू आहेत, गुरुवारी नळी काढून बघायचं. काढल्यावर आपली आपण लघवी झाली की सुटलो, घरी. लघवी जमते त्या पिशवीकडे ते बघतसुद्धा नाहीत, तिच्यावर टॉवेल टाकून ठेवतात. तुला माहीत नसेल, बाबा अजून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळचे दोन तास शिकवतात. शहात्तराव्या वर्षी! स्कूलच्या गाडीची किल्ली उशीखाली घेऊन झोपलेत. काल विचारत होते, "सोमवारी मैदानावर जाता येईल ना?" मी हो म्हटलं.

सिस्टर म्हणून हे काम मी तेवीस वर्षं करतेय. सगळं ठीक आहे.

ताई


गुरुवार, ६ मार्च

टिल्ल्या,

आज बाबांची नळी काढण्यात आली. जमलं नाही. संध्याकाळी परत घालावी लागली.

असं होतं, दहातल्या दोघातिघांना होतं. खरं म्हणजे नळी सकाळी सहाला काढायची असते, अख्खा दिवस हाताशी राहतो. आज वॉर्डात रेटारेटी होती, दुपारचे तीन वाजले. सातपर्यंत बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. विचारलं की "ठीक आहे" म्हणायचे. हा आपल्या घराण्याचाच शब्द. पोटावर हात ठेवला तर दगड. दुसऱ्यांदा नळी घालताना रक्त आलं, आणि बाबांनी आवाज केला. बाबांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारी आणखी एकदा बघू. तेव्हाही नाही झालं तर पिशवीसकट घरी. ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपायचं नाही. तोवर हृदयाच्या गोळ्या बसवायला ठेवून घेतलं आहे.

बाबा सगळं ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "स्कूलच्या मालकाला नेऊन दे. मांडीला पिशवी बांधून मी कुणाच्या शेजारी बसणार नाही." आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बिरवारी काही नाही. राहू दे आता."

तुला कळवू का, असं विचारलं, तर नको म्हणाले. का, ते विचारू नकोस.

किल्ली मी अजून दिलेली नाही. ऍप्रनच्या खिशात आहे.

ताई


शनिवार, ८ मार्च

टिल्ल्या,

परवाच्या पत्रात मी "नळी काढण्यात आली" असं लिहिलं. तेवीस वर्षं रिपोर्ट लिहून ही सवय लागली आहे, काही बिघडलं की करणाऱ्याचं नाव गायब. नळी मी काढली.

गुरुवारी वॉर्डात दोघांच्या नळ्या काढायच्या होत्या, बाबांची आणि शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांची. सकाळी सहाला मी शिंपीकाकांकडे गेले. अर्धा तास बसले. नळी आत कशानं अडकून राहते ते सांगितलं, फुगा असतो, त्यातलं पाणी मी सिरिंजनं काढून घेणार. लांब श्वास घ्या, सोडताना नळी येईल, दुखणार नाही पण विचित्र वाटेल. नंतर दर तासाला एक ग्लास पाणी, घटाघटा नाही आणि अजिबात नाही असंही नाही. पहिल्या दोनतीन वेळी जळजळेल, थोडं लालसर दिसेल, ते होतंच. कळ येऊनही होत नसेल तर लाजायचं नाही, लगेच बेल मारायची. आणि आदल्या दिवशीच विचारलं होतं, पोट साफ होतंय ना? आतडं भरलेलं असलं की ते मूत्राशयाची वाट अडवतं. काका म्हणाले, "बाई, मी मापं घेतानासुद्धा गिऱ्हाइकाला एवढं विचारत नाही." नऊ वाजता त्यांना झाली. सगळ्या वॉर्डाला सांगत फिरले.

बाबांची खाट तिथून दहा पावलांवर होती. मी आधी औषधं वाटली, मग ड्रेसिंगं केली, मग कपाट आवरलं, ज्याला कुणी हात लावायला सांगितला नव्हता. तीन वाजता, ड्यूटी संपायला तासभर असताना, पडदा ओढला आणि म्हटलं, "बाबा, मान तिकडे करा." सिरिंज लावली, नळी काढली, पडदा सरकवला. मिनिटभरात आटपलं.

मला त्यांच्यासमोर "लघवी" म्हणता येईना. रोज पन्नास वेळा उच्चारते मी तो शब्द, मास्तरांपुढे, वकिलांपुढे, एकदा तर न्यायाधीशांपुढे. बापापुढे दातखीळ बसली. दुसऱ्या सिस्टरला सांगता आलं असतं. पण नाही, माझ्या बाबांचं मीच करणार, हा तोरा. त्यांना तीन दिवस शौचाला झाली नव्हती, मी विचारलं नाही. अंथरूण ओलं होईल या भीतीनं सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नव्हते, तेही विचारलं नाही. शिकाऊ मुलीनं असं केलं असतं तर मी तिला उभं सोललं असतं.

आज त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "बाबा, परत एकदा प्रयत्न करू या."

"कोण करणार, सिस्टर? तुम्ही?"

सिस्टर म्हणाले मला. तुम्ही म्हणाले.

"हो, मीच."

"त्या शिंप्याला अर्धा तास समजावत होतीस. पडदा कापडाचा असतो, पलीकडचं सगळं ऐकू येतं. मी पडल्या पडल्या म्हटलं, वा, आपली मुलगी काय सांगते! आता माझ्याकडे येईल. वाट बघत होतो." मग म्हणाले, "शिकाऊ माणूस न सांगता ब्रेक मारतो तेव्हा मी ओरडत नाही. त्याला येत नसतं. तुला येत होतं."

मी बाहेर जाऊन बेसिनवर हात धूत राहिले. स्वच्छच होते, तरी धूत राहिले.

पण एक सांगते, हा माणूस पिशवी घेऊन घरी जाणार नाही. माझ्या चुकीपायी तर नाहीच नाही. पाच दिवस आहेत माझ्या हातात.

ताई


मंगळवार, ११ मार्च

टिल्ल्या,

तुझं कार्ड काल आलं. एकच ओळ. "आईच्या वेळीही तू 'सगळं ठीक आहे' असंच म्हटलं होतंस."

वाचलं. दोनदा वाचलं. उत्तर देणार आहे, पळ काढणार नाही. पण आधी गुरुवार पार पडू दे. एका वेळी एकच काम.

रविवारी मी सुट्टीच्या दिवशी गेले, ऍप्रन न घालता. खुर्ची त्यांच्या तोंडासमोर ओढली. शिंपीकाका घरी गेलेत, खाट रिकामी होती.

"बाबा, आता मी लघवीबद्दल बोलणार आहे."

"बोल."

"आणि शौचाबद्दल."

"बोल ना. मंत्रिमंडळाचा शपथविधी आहे का?"

मग मी बोलले. पहिली पाच मिनिटं माझे कान नुसते तापले होते. ते चादरीवरची सुरकुती सरळ करत होते. पण पुढे त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "असं नाही. गाडीत बसण्यापासून सांग. आदल्या दिवशी काय, सकाळी काय, आधी काय, मग काय." मी कपाटातून एक नवी नळी आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवून सिरिंजनं फुगा फुगवून दाखवला. त्यांनी तो दोनतीनदा दाबून बघितला. "एवढ्याशा बोराएवढ्या गोष्टीवर सगळं अडून बसलंय होय?" गुरुवारी मी ओढली तेव्हा फुगा आतच राहिला असेल आणि जोर लावला की सगळं फाटेल, असं त्यांना वाटलं होतं. तीन वाजल्यापासून सात वाजेपर्यंत ते तेवढ्याच भीतीनं आवळून पडले होते, टिल्ल्या. एका वाक्यात मी ती भीती घालवली असती.

काल त्यांनी मला सगळं परत म्हणून दाखवलं. दोन ठिकाणी चुकले. पाणी एकदम तांब्याभर प्यायचं म्हणाले, ते दुरुस्त केलं. पोट साफ व्हायचं औषध परवापासून चालू आहे आणि आज सकाळी त्यांनी दारातूनच जाहीर केलं, "रस्ता मोकळा!" वॉर्डातल्या आठही खाटांनी ऐकलं. माणूस एकदा बोलायला लागला की मग त्याला आवरायचं कुणी?

तरी गुरुवारला हो म्हणेनात. "समजलं म्हणजे तयार झालो असं नाही. परीक्षेत नापास होतात ते सगळे समजलेलेच असतात." मग आपणच म्हणाले, "आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. ठाऊक आहे ना? तो आहे म्हणून मी कुणाच्याही शेजारी निर्धास्त बसतो. तसा ब्रेक मला देशील?"

"म्हणजे?"

"प्रत्येक गोष्ट करायच्या आधी बोलायची. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं. दोनच मिनिटं राहिली, झालंच आता, असलं काही चालणार नाही."

मी कबूल केलं. आता परवा.

ताई


गुरुवार, १३ मार्च

सकाळी ६.४०. वॉर्डातल्या टेबलावर बसून लिहितेय. आता नळी काढली. "पिशवी रिकामी करते." "सिरिंज लावते." "पाणी येतंय, पाच, आठ, दहा, फुगा संपला." "श्वास घ्या." श्वास सोडताना मी नळी सरकवायला लागले, आणि ते म्हणाले, "थांब."

अर्धी बाहेर आली होती. एका सेकंदाचं काम राहिलं होतं. माझा हात पुढे जायलाच निघाला होता, खरं सांगते. थांबले. त्यांनी डोळे मिटले, दोन श्वास घेतले. "हं. चल." आली.

८.१०. दोन ग्लास पाणी पोटात. वॉर्डात येरझाऱ्या चालल्यात. एकदा आत जाऊन आले. दहा-वीस थेंब. "जळजळलं," म्हणाले, "तू म्हणाली होतीस." आणि खूश दिसले. जळजळल्याबद्दल खूश झालेला पेशंट मी पहिल्यांदा बघितला.

९.३०. काही नाही. तिसरा ग्लास.

१०.२०. काही नाही. पोटावर हात ठेवून बघितला, मऊ आहे, अजून दगड नाही. डॉक्टरांचा राउंड साडेअकराला. त्यांनी मनात पिशवी बांधून टाकली आहे, मला चेहऱ्यावरून कळतं. बाबा आत गेलेत आणि मी दाराबाहेर मापाचं भांडं घेऊन उभी होते. आतून नळ सोडल्याचा आवाज. मग आवाज आला, "सिस्टर, तुम्ही आहात का तिथे?"

"आहे."

"परीक्षक खिडकीला नाक लावून उभा राहिला की येणाऱ्याचीसुद्धा गाडी बंद पडते. भांडं आत द्या आणि जा कुठेतरी. लांब जा."

दिलं. टेबलाशी येऊन बसलेय. खिशात किल्ली आहे, ती मुठीत धरली आहे.

१०.४५. अजून आतच.

१०.५५. आले! आपलं भांडं आपणच घेऊन आले, दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून पावलं मोजत. सगळा वॉर्ड बघतोय आणि या माणसाला लाज कसली ती नाही. टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. "लिहून घे, पोरी. दोनशे वीस."

मी खाली वाकून मिलिलिटरची रेघ बघितली. दोनशे वीस. मग पोटावर मशीन फिरवून आत किती उरलं ते पाहिलं, पंचेचाळीस. एवढं चालतं. मी तिथेच रडले, सगळ्यांदेखत. 

संध्याकाळी ५.००. दुपारी आणखी दोनदा झाली, दुसऱ्यांदा अडीचशे.

डॉक्टर कागदावर सही करताना म्हणाले, "गोळ्यांनी काम केलं." बाबा म्हणाले, "हो, गोळ्यांनी," आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. किल्ली परत उशीखाली गेली आहे. उद्या घरी.

ताई


रविवार, १६ मार्च

टिल्ल्या,

आता तुझ्या कार्डाचं उत्तर. सलग लिहिते, मध्ये थांबले तर टाकायची राहून जाईल.

दोन वर्षांपूर्वी त्या सोमवारी दुपारी मला कळलं होतं की आई राहत नाही. रिपोर्ट माझ्या हातात होता आणि मला तो वाचता येतो. मंगळवारी तू फोन केलास तेव्हा मी म्हटलं, सगळं ठीक आहे, तुझं काम उरक आणि शनिवारी ये. गुरुवारी सकाळी ती गेली. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. एवढं तुला माहीत आहे, आणि त्यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस, बरोबरच केलंस.

तुला जे माहीत नाही ते असं. बुधवारी आईनं दोनदा तुझं विचारलं. मी म्हटलं, निघालाय तो. बाबा खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. त्यांनी विचारलं, "बोलावलंस ना त्याला?" मी हो म्हटलं. बोलावलं नव्हतं. बोलवायचं तर तुला सांगावं लागलं असतं, आई चालली. ते तोंडातून निघेना. परक्या माणसाला मी काहीही सांगू शकते, आपल्या माणसापुढे कपाट आवरायला जाते. तू पोचलास त्या दिवशी बाबांनी तुझ्याकडे पाठ फिरवली ती याच्यासाठी. दोन वर्षं ते समजून आहेत की मुलाला बोलावलं आणि तो आला नाही. दोन वर्षं तू समजून आहेस की बाबांनी विनाकारण तोडलं. मध्ये मी. रोज त्यांच्यासमोर जेवले आणि बोलले नाही.

काल घरी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. "बाबा, आता मी आईबद्दल बोलणार आहे. आणि टिल्ल्याबद्दल. तुम्हाला राग येईल." सांगायला लागले. मध्येच ते म्हणाले, "थांब." थांबले. उठून बाहेर गेले आणि दारातल्या स्कूलच्या गाडीत जाऊन बसले, चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर. तासभर बसले होते. परत आले तेव्हा डोळे लाल होते. "हं. पुढे." मी उरलेलं सांगितलं. एक शब्दही सुनावला नाही मला. सुनावला असता तर बरं वाटलं असतं.

तू ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पण येणार असशील तर काय काय होईल ते आधी सांगते. सकाळी ये, म्हणजे अख्खा दिवस हाताशी राहील. बाबा पहिल्यांदा तुझ्या गाडीचा ऍव्हरेज विचारतील, मग बराच वेळ काही बोलणार नाहीत. मी आईचे शेवटचे चार दिवस तुला सांगेन, तासातासाचे, मला सगळे पाठ आहेत. पहिल्यांदा जळजळेल. दुसऱ्यांदाही जळजळेल. ते होतंच. तू थांब म्हणालास की मी थांबेन, आणि मी गप्प राहायला लागले तर मला बोलायला लाव. माफी मागेन, ती दिलीच पाहिजेस असं नाही.

सगळं ठीक नाही, टिल्ल्या. बाबांना मात्र लघवी होते.

ताई

ता. क. ताईचं हे पत्र मी पोस्टात टाकणार आहे. तिनं वाचायला दिलं, वाचलं. त्या दिवशी तू दारात उभा राहून "बाबा" म्हणालास आणि मी मागे वळलो नाही. कारण विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. ताईवर एकटीवर टाकू नकोस. येशील ती गाडी कळव, स्टेशनवर न्यायला मी येतो. वाटेत दोनदा थांबावं लागेल, आधी सांगून ठेवतो.

बाबा